गावातून पाय निघणं म्हणजे नेमकं काय?

रपट्याअलीकडची

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. विषय मोठा आहे, पण सुरुवात आमच्या गावच्या मुक्कामी गाडीपासून करते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १४ किलोमीटर. संध्याकाळी साडेसातला एसटी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपायचे आणि सकाळी सहाला गाडी निघायची. त्या गाडीत दुधाच्या कॅन, कोर्टाची तारीख असलेले, डोळे तपासायला निघालेल्या म्हाताऱ्या आणि शाळा-कॉलेजच्या पोरी असायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, खचला आणि गाडी बंद झाली. पुढं रपटा दुरुस्त झाला, गाडी मात्र परत आली नाही. विचारायला गेलं की सांगतात, प्रवासी नाहीत.

प्रवासी नाहीत हे खोटं नाही. पोरांनी मोटरसायकली घेतल्या. बाकीचे तीन किलोमीटर चालून फाट्यावर जातात आणि काळी-पिवळीत कोंबून बसतात. पोरींचं काय झालं ते मी मोजलं आहे, कारण मी अंगणवाडी सेविका आहे आणि प्रत्येक घराचा उंबरा मला माहीत आहे. त्या गाडीनं अकरा पोरी जायच्या. आज चौघी जातात. दोघींनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे घरी बसून परीक्षा. दोघी मावशी-आत्याकडं राहायला गेल्या. तिघींची लग्नं झाली. चौघींमधली एक माझी मुलगी आहे, अकरावी सायन्सला.

मागे एका प्रशिक्षणात मॅडमनी ‘गतिशीलता’ हा शब्द समजावून सांगितला. एक शरीराची, म्हणजे या ठिकाणाहून त्या ठिकाणी जाता येणं. दुसरी समाजातली, म्हणजे बापापेक्षा लेकाची परिस्थिती सुधारणं. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने पाडले होते. मी घरी येईपर्यंत विचार करत होते की आपल्या बोलण्यात हे दोन रकाने कुठं आहेत? आपण दोन्ही गोष्टी पायानंच बोलतो. ‘पोरगा पायावर उभा राहिला.’ ‘तिचा गावातून पाय निघाला.’ आणि ज्याला वर येऊ द्यायचं नाही त्याला ‘पायरी ओळखून राहा.’

माझं मत सांगते. गावातल्या माणसासाठी, त्यातही बाईसाठी, मोकळं असणं म्हणजे कायमचं निघून जाणं नाही. सकाळी आपल्या कामाला निघता यावं आणि संध्याकाळी आपल्या मर्जीनं परत येता यावं. कोणाच्या गाडीवर मागं बसायची विनंती न करता. माझ्या पोरीला पुण्याला पाठवायला आमचे ‘हे’ एका पायावर तयार आहेत. पण तालुक्याला रोज जायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. याचा अर्थ मला लागत नाही. तुम्हाला काय वाटतं?

काळी_माती

ताई, एकदम खरं. आमच्याकडं जून ते सप्टेंबर वावरात जायलाच रस्ता नाही, तालुक्याचं कुठं घेऊन बसता. पांदणीत, म्हणजे शेतरस्त्यात, बंडीचं चाक आसापर्यंत जाते. सोयाबीन सोंगून धुऱ्यावर गंजी लावून ठेवली, थ्रेशर आत नेता येईना, आणि वरून पाऊस. माल शेतातून निघाला नाही तर कास्तकाराचा पाय कुठून निघणार?

हिंजवडीचा_वऱ्हाडी

ताई, राग मानू नका, पण मला वेगळं वाटतं. मी वाशिम जिल्ह्यातल्या ६०० वस्तीच्या गावातून निघालो, आज पुण्यात आहे. आमच्या गावात जो रोज जा-ये करत राहिला तो अडकलाच. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, मधे कॉलेजात तीन तास, आणि आल्यावर ढोरांचं पाणी. माझ्यासोबतचे हुशार पोट्टे त्या गाडीतच संपले. मी सुटलो कारण मी होस्टेलला राहिलो.

पंजाबराव देशमुखांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पापळसारख्या गावातून निघून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस. अमरावतीत त्यांनी वसतिगृह काढलं, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. खेड्यातल्या पोराला नुसती शाळा देऊन भागत नाही, त्याला शाळेजवळ ताट आणि गादी लागते, हे त्यांना कळलं होतं. तुमच्या मुलीसाठी बसच्या मागं लागण्यापेक्षा तालुक्याला मुलींचं वसतिगृह मागा.

रपट्याअलीकडची

दादा, राग कशाचा. वसतिगृह पाहिजेच. पण तुमच्या आईला दवाखान्यात जायचं तेव्हा तिनं कोणत्या वसतिगृहात राहायचं? गाडी फक्त पोरींची नव्हती हो.

सून_वाशिमची

१७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. लोक नावं ठेवतात, बाया उगाच फिरायला लागल्या म्हणतात. मी सांगते काय झालं ते. लग्नाला एकवीस वर्षं झाली. माहेर ४० किलोमीटरवर. अर्ध्या तिकिटाआधीची सगळी वर्षं माहेरी जायचं म्हणजे आधी पैसे मागायचे, मग कारण सांगायचं. अर्धं तिकीट झाल्यापासून भाजीच्या पैशातून होते. मी कारण सांगणं बंद केलं. ‘उद्या मायकडं जाते’ एवढंच सांगते. सासूबाईंचं वय पंचाहत्तरच्या वर, त्यांना तर पूर्ण फुकट. एका श्रावणात दोघी मिळून बहिरमला जाऊन आलो. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘एवढ्या साली मी गाडीत बसली, पन खिडकीपाशी कदी बसली नवती व माय.’ आजवर खिडकी कोणा ना कोणा पुरुषाची असायची.

पण रपटेवाल्या ताईंचं खरं आहे. गाडीच नसली तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं?

शकुंतलेचा_प्रवासी

मूर्तिजापूरकडचा आहे म्हणून लिहितो. शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरला. नॅरोगेज. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, मग डिझेल आलं. आता दोन्हीकडं गाडी बंद, रुळांवर बाभळी.

तिला गरिबांची गाडी म्हणतात आणि ती होतीही. आमची आजी कारंजा बाजूची, तिचं सगळं गोतावळ्यात जाणं-येणं याच गाडीनं. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी कमी. पण ती गाडी आजीसाठी आली नव्हती. ती कापसासाठी आली होती. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत. रूळ अंथरणाऱ्याच्या हिशेबात गठाण होती, आजी त्या गठाणीच्या मागून चढली. आणि मग कापूस ट्रकनं जायला लागला, तेव्हा उरलेल्या माणसांसाठी गाडी चालवणं कोणाच्या हिशेबात बसलं नाही.

मला वाटते आपल्या भागातला प्रत्येक रस्ता या नजरेनं पाहावा. तो कशाला आणला, आणि आपण त्याच्यावर चढलो की नाही.

काळी_माती

मग समृद्धी महामार्गाचंही बोला भाऊ. ७०१ किलोमीटर. नागपूर-मुंबई आठ तासांत. आमच्या शिवारातून जाते. रात्री खाटेवर पडलो की गाड्यांचा आवाज येतो. पण तिच्यावर मोटरसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, तीनचाकी नाही. १२० च्या वेगाच्या रस्त्यावर ते बरोबरच आहे, जीव जाईल. माझं म्हणणं तिला बंद करा असं नाही. मोबदला मिळाला, त्यातून भावानं वर्ध्याला प्लॉट घेतला. पण माझ्याकडं मोटरसायकलच आहे. रस्ता घरावरून जातो आणि मला चढायला जागा नाही. पलीकडच्या वावरात जायला खालच्या बोगद्यातून फेरा मारतो.

धानपट्टी_गोंदिया

आमच्या बाजूचं सांगतो म्हणजे दुसरी बाजू कळेल. धान कापून झाला की पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून बाया-माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. गाव अर्धं रिकामं होतं. बिऱ्हाड, लेकरं, तांदळाचं पोतं, सगळं एका गाडीत. शेतातच पाल ठोकून राहायचं. दिवसभर मिरची तोडली की रात्री हातांची आग झोपू देत नाही, तेल चोळतात. मजुरीतला काही भाग मिरचीतच मिळतो, ती पोत्यात भरून आणतात.

किलोमीटर मोजले तर आमच्यासारखी हिंडणारी माणसं विदर्भात कोणी नसतील. आणि आजोबा जिथं होता तिथंच नातू आहे. उलट लेकराची शाळा बुडते ती वेगळी. म्हणून ताईंनी ‘जाता येणं’ म्हटलं ते मला अपुरं वाटलं. आम्ही जातो. न जाऊन चालत नाही म्हणून जातो. पायाला भोवरा आहे, पण तो दुसऱ्यानं फिरवलेला.

रपट्याअलीकडची

गोंदियाकर दादा, तुमचं वाचून थांबले. बरोबर आहे. ‘आपल्या कामाला’ आणि ‘आपल्या मर्जीनं’ हे मी सहज लिहून गेले, पण सगळं त्यातच आहे.

सालदाराचा_नातू

बराच वेळ लिहू की नको चाललं होतं. लिहितो.

माझे आजोबा सालदार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुढीपाडव्याला साल ठरते. वर्षभराचे पैसे, ज्वारी, आणि अंगावरचं एक धोतर-बंडी. पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाचा माणूस. पाडव्याच्या दिवशी साल सोडता यायचं, दुसरा मालक धरता यायचा. उचल फिटली असली तरच. आजोबा सांगायचे, वर्षातला तो एक दिवस ते गावभर ताठ चालायचे, कारण त्या दिवशी ते कोणाचेच नसायचे. बाकीचे ३६४ दिवस वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात.

१९५६ च्या दसऱ्याला, म्हणजे १४ ऑक्टोबरला, ते नागपूरला गेले. आमच्या गावातून सतरा माणसं. रेल्वे स्टेशनपर्यंत रात्रभर पायी, शिदोरीला भाकर आणि ठेचा, पुढं डब्यात उभं राहून. पांढरं लुगडं मिळालं नाही म्हणून आजीनं जुनं धोतर धुऊन नेसलं होतं. दीक्षा घेतली आणि चौथ्या दिवशी परत आले.

आता ताईंच्या प्रश्नाकडं येतो. ते परत त्याच गावात आले. त्याच कुडाच्या घरात. सालही त्याच मालकाकडं होतं, कारण पाडवा यायला सहा महिने होते. पैशाच्या हिशेबानं पाहिलं तर त्यांची परिस्थिती एका आण्यानं बदलली नव्हती. पण आल्यावर त्यांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. आणि वाड्यासमोरून जाताना वहाणा काढल्या नाहीत. त्याची किंमत मोजली त्यांनी, पुढच्या पाडव्याला गावात कोणी साल दिलं नाही. तेव्हा तीन कोसावरच्या दुसऱ्या गावात साल धरलं आणि रोज पायी जा-ये केली. घर सोडलं नाही.

बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल किती परखड बोलले होते ते आपल्याला माहीत आहे. आमच्या माणसांसाठी गाव सोडणं हेच पुढं जाणं होतं, मी स्वतः आज नागपूरला आहे, नोकरीत आहे, ते त्याच वाटेनं. म्हणून ‘संध्याकाळी परत येता येणं’ हे वाचल्यावर आधी मला चीड आली. परत कशाला यायचं? कुठल्या जागेवर? मग आजोबा आठवले. ते परत आले होते, पण ज्या जागेवरून गेले त्या जागेवर परत आले नव्हते. त्यांचं गाव हललं नाही, घर हललं नाही. पायरी हलली.

तेव्हा ताई, तुमच्या वाक्यात एवढं जोडा. परत आल्यावर माणसाला त्याच जुन्या जागी बसवलं जात नसेल, तरच ते परत येणं म्हणायचं.

हिंजवडीचा_वऱ्हाडी

दादा, हे दोनदा वाचलं. माझ्याकडं लिहायला काही नाही. एवढंच सांगतो की मी गावी गेलो की अजून मला ‘अमक्याचा पोट्टा’ म्हणतात आणि मला ते आवडतं. मला आवडू शकतं, हे तुमच्यामुळं आज लक्षात आलं.

तीन_चाकी

मी दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय. म्हणून ‘पाय निघणं’ या शीर्षकावर थोडा वेळ नजर अडकली, पण विषय माझाच आहे.

लहानपणी आई कडेवर शाळेत न्यायची. दहाव्या वर्षी मी जड झालो, तेव्हा बंडीत बसवून न्यायचे. सरकारी तीनचाकी सायकल मिळाली ती बारा-तेराव्या वर्षी. उन्हाळ्यात मी राजा. मृग लागला की काळ्या मातीत चाकं थापली जायची, काडीनं चिखल काढायचा, दोन हात पुढं, परत थापली. जून ते ऑक्टोबर मी घरात. शाळेची पाच वर्षं, प्रत्येक वर्षाचे चार-पाच महिने असे गेले.

२०११ मध्ये आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. लांबी असेल दोनशे मीटर. घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत. त्या पावसाळ्यात मी रोज ग्रामपंचायतीत जाऊन बसायला लागलो. बसता बसता कॉम्प्युटर शिकलो, लोकांचे सातबारे, दाखले, पीकविम्याचे अर्ज भरून द्यायला लागलो. आज तेच माझं काम आहे, त्यावर घर चालतं, लग्न झालं, एक मुलगी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण दिलं, चांगलंच आहे. पण माझ्या आयुष्यात ते दोनशे मीटर आधी आले म्हणून पुढचं आलं. मॅडमच्या फळ्यावरचे दोन रकाने माझ्याकडं एकाच रस्त्याचे आहेत. आधी चाक हललं, मग लोक ‘लंगडा’ म्हणायचे ते ‘सर’ म्हणायला लागले.

देवळाच्या अकरा पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत. उतार करा म्हणून तीन वर्षं मागतो आहे.

भामरागडच्या_वाटेवर

मी आरोग्य खात्यात कंत्राटी आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, हे दरवर्षीचं. आतल्या पाड्यांवरून बाळंतीण खाटेवर आणतात. खाट उलटी करून, दोरानं बांधून, चार जण खांद्यावर. पुढं ॲम्ब्युलन्स उभी असते पण नाला मधे. अशी एक खाट मी स्वतः उचलली आहे. तुमच्या चर्चेतली पायरी, पाडवा, नोकरी हे सगळं तिथं दूरचं वाटतं. जगून दवाखान्यात पोचणं एवढीच त्या दिवसाची गोष्ट. बाळ-बाळंतीण दोन्ही ठीक आहेत, म्हणून लिहू शकलो.

पहाटेचे_सोळाशे

मी भरतीची तयारी करतो. आमच्या रस्त्यावर पहाटे साडेचारला या, चाळीस पोरं धावताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. फाट्यापासून शाळेपर्यंतचं अंतर आम्ही दोरीनं मोजून चुन्याची खूण केली आहे. वडिलांकडं चार एकर कोरडवाहू. सोयरीक पाहायला येणारे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात, शेती किती ते नंतर. गावात पस्तिशीपर्यंतची पोरं बिनलग्नाची आहेत. ती आळशी नाहीत, पऱ्हाटीत दिवसभर राबतात.

धावताना मला कधी कधी वाटते, हा एकच रस्ता आहे आणि सगळी चाळीस जणं त्याच्यावरूनच पुढं जाणार म्हणून धावत आहेत. जागा किती निघतील, आमच्यातले किती लागतील. जे लागणार नाहीत ते परत त्याच रस्त्यानं डवरे धरायला जातील.

गेल्या वर्षापासून तीन मुली धावायला येतात. पहिल्या दिवशी त्यांचे वडील मोटरसायकलचा लाइट लावून मागं मागं होते. आता येत नाहीत. आता त्या एकट्या येतात.

काळी_माती

रपटेवाल्या ताई, मुलीला एखादी स्कूटी घेऊन द्या म्हणणार होतो, पण हे वाचून गप्प बसतो. आमच्या घरीच गाडी घेतली ती पोराला. पोरगी दोन वर्षांनी मोठी आहे.

रपट्याअलीकडची

भाऊ, लिहिलंत हेच खूप झालं. आणि सोळा वर्षाच्या पोरीला नेहमीच्या स्कूटीचं लायसन तरी कुठून मिळणार. मानव विकासच्या सरकारी योजनेतून मिळालेली सायकल आहे तिच्याकडं. फाट्यापर्यंत ती कामी येते, पुढचे अकरा किलोमीटर एकटीनं, डिसेंबरच्या संध्याकाळी, दोन्ही बाजूला डोक्याएवढी तूर, माझाच जीव होत नाही. म्हणजे आठी फक्त यांच्याच कपाळावर आहे असं नाही, हे कबूल करते.

सालदाराच्या नातू दादांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तीन_चाकी सरांचं वाचून यांना वाचून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतःच म्हणाले, ‘दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गाडीचा विषय घे, मी हात वर करतो.’

तर ठराव मांडायचा आहे. प्रवासी नाहीत म्हणतात, म्हणून प्रवाशांची यादीच जोडायची. काल पोरींनी घरोघरी फिरून कागद भरून आणला. मी रकाने आखून दिले होते: नाव, कुठं जायचं, सकाळची वेळ. पोरींनी स्वतःहून चौथा रकाना पाडला, परत यायची वेळ. सकाळी सहाची कोणालाच नको. आठ पाहिजे. संध्याकाळची साडेसहा, कारण प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतं आणि त्यानंतर तासभर लायब्ररी उघडी असते. साठ नावं झाली. सतरा नंबर फॉर्मवाल्या दोघींनीही नाव लिहिलं आहे. एका आजीनं ‘कुठं जायचं’मध्ये ‘माहेर’ लिहायला लावलं, आणि ‘परत यायची वेळ’मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’.

अर्ज कोणाच्या नावानं करायचा आणि सोबत काय जोडायचं, कोणी सांगेल का?

तीन_चाकी

आगार व्यवस्थापकांच्या नावानं करा, प्रत विभाग नियंत्रकांना. ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल, रपटा दुरुस्त झाल्याचं ग्रामपंचायतीचं पत्र, शाळा-कॉलेजचं मुलींच्या नावांचं पत्र आणि तुमची यादी. मजकूर मी आज रात्री टाइप करून इथंच टाकतो.

सालदाराचा_नातू

अर्जाच्या दोन प्रती न्या ताई. एक त्यांच्याकडं द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठू नका.

रपट्याअलीकडची

घेते. पोरींनाही सोबत नेते आहे.